चिलखताच्या आत

नवा खेळाडू आपलं कॅरेक्टर शीट दाखवतो तेव्हा बोट ठेवतो तलवारीवर. डॅमेज किती, पाचव्या लेव्हलला काय मिळणार, वगैरे. मी मान डोलावतो, पण माझं लक्ष असतं कागदाच्या डाव्या बाजूला. तिथे सहा सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचे फासे किंवा थोडक्यात सेव्ह, एकाखाली एक लिहिलेले असतात आणि त्यांतल्या फक्त दोघांपुढचे गोल काळे केलेले असतात: तिथे फाशात लेव्हलबरोबर वाढणारी भर मिळते. उरलेले चार रिकामे गोल ही त्या पात्राची खरी कुंडली.

डंजन्स अँड ड्रॅगन्स कधी न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगतो: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण डीएम होऊन गोष्ट आणि राक्षस दोन्ही सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्राचा पेशा म्हणजे क्लास. फायटर (लढवय्या), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी), रोग (चोरटा) ही त्यांतली जुनी मंडळी. कोण किती जोरात मारतं यावर वाद घालण्यात रात्री सरतात. कोणाला काय सोसत नाही, हे मात्र कोणी फारसं बोलत नाही. मला तेच जास्त रंगतदार वाटतं.

वरवर पाहिलं तर सगळ्यांत सुरक्षित फायटर. २०१४च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांत कड्यांचं चिलखत आणि ढाल घेतली की पहिल्याच लेव्हलला त्याचा आर्मर क्लास, म्हणजे एसी, १८ होतो; वार लागायला हल्लेखोराची बेरीज निदान तेवढी व्हावी लागते. गॉब्लिन हा किरकोळ राक्षस आपल्या फाशात ४ मिळवतो, म्हणजे त्याला १४ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. वीसांत सात वेळा. शेजारी झग्यात उभ्या असलेल्या विझार्डचा एसी जेमतेम १२. त्याच गॉब्लिनचा वार त्याला वीसांत तेरा वेळा लागतो. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, सहा आणि वर एखाद-दोन. दोन वार नीट बसले की स्वारी आडवी. तिसऱ्या आवृत्तीत तर त्याच्या हिट पॉइंटचा फासाच चार बाजूंचा होता. मांजरही त्याला भारी पडे, असं जुने खेळाडू हसत सांगतात.

पण ही गणितं गॉब्लिनपुरती. पलीकडून कोणी ‘होल्ड पर्सन’ हा मंत्र टाकला की फायटरला विस्डमचा, म्हणजे मनाच्या खंबीरपणाचा, सेव्ह करावा लागतो. त्याचे काळे गोल असतात स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) यांच्यापुढे. फासा पडतो, आकडा कमी येतो आणि गडी जागच्या जागी लुळा होतो. एसी तेव्हाही १८च असतो, तो कोणीच कमी केलेला नसतो. फक्त आता पाच फुटांच्या आतून जो वार लागेल तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट. एवढं पोलाद अंगावर घालून माणूस निव्वळ उभा राहतो आणि मार खातो.

याहून क्रूर म्हणजे इंटलेक्ट डिव्हाउरर. चार पायांवर चालणारा मेंदू असं त्याचं रूप. फायटर बनवताना बहुतेक जण सगळ्यात पडेल आकडा इंटेलिजन्सला देऊन मोकळे होतात. तलवार चालवायला अक्कल कशाला लागते! हा प्राणी नेमका तोच हिशोब तपासायला येतो. सेव्ह चुकला की तीन फाशांची बेरीज तुमच्या बुद्धीशी ताडून पाहायची, आणि बेरीज तेवढीच किंवा जास्त आली तर बुद्धी शून्य. तो फुटकळ विझार्ड मात्र याच प्राण्यासमोर निवांत असतो. त्याचे काळे गोल इंटेलिजन्स आणि विस्डमपुढे.

खेळ बनवणाऱ्यांनी हे वाटप भलतंच हिशोबी केलंय. डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम यांचे सेव्ह वारंवार करावे लागतात, बाकी तीन क्वचित. २०१४च्या बारा क्लासांपैकी प्रत्येकाला पहिल्या तिघांतला एक आणि दुसऱ्या तिघांतला एक मिळतो. सगळ्या बाजूंनी झाकलेला कोणी नाही. चौदाव्या लेव्हलचा मंक (लढणारा भिक्षू) तेवढा सगळ्या सेव्हमध्ये तरबेज होतो, पण तिथवर पोचणारे किती!

पूर्वी असं नव्हतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा क्लास तीनच होते आणि सेव्हचे रकाने पाच. पण ते रकाने होते संकटांच्या नावाचे: विष किंवा मृत्युकिरण, जादूची कांडी, दगड होणं, ड्रॅगनचा श्वास आणि मंत्र. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याला मंत्राविरुद्ध १६ पाडावे लागत. पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत सतराव्या लेव्हलला पोचलेल्या फायटरला त्याच ठिकाणी ६ पुरत. माणूस जसा मुरत जाई तशी सगळीच भोकं बुजत जात. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने रकाने तीन केले: फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल. संकटांची नावं गेली, तिथे तुमच्या काटकपणाची, चपळाईची आणि मनाची नावं आली. ड्रॅगनने काय फेकलं यापेक्षा तुम्ही कसे आहात हे महत्त्वाचं झालं.

आणि आता? विस्डम १० असलेला फायटर पहिल्या लेव्हलला सेव्हमध्ये शून्य मिळवतो आणि विसाव्या लेव्हलला पण शून्यच. समोर विसाव्या लेव्हलचा विझार्ड असेल तर १९ लागतात. ड्रॅगन मारून आलेला माणूस, आणि वीसांत दोनदा वाचणार! खेळ म्हणून हा अन्यायच. पण आमच्या घराण्यातले काही मोठे लोक पाहता मला हेच जास्त पटतं. पन्नास वर्षं संसार केलेला माणूस गोड बोलणाऱ्यापुढे पंचविशीत होता तितकाच भोळा असू शकतो. २०२४च्या सुधारित नियमांनी फायटरची थोडी दया केली: नवव्या लेव्हलपासून चुकलेला सेव्ह पुन्हा टाकताना तो त्यात आपली लेव्हल मिळवतो. तेही दिवसातून मोजक्याच वेळा.

मधल्या चौथ्या आवृत्तीबद्दल, २००८च्या, मला एकच तक्रार आहे. तिच्यात फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे एसीसारखे ठरीव आकडे झाले आणि फासा टाकू लागला हल्ला करणारा. तुलना फार सोपी झाली: फायटरला फॉर्टिट्यूडमध्ये २, रोगला रिफ्लेक्समध्ये २, विझार्डला विलमध्ये २, पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) तिन्हींत एकेक. कागदावर बघायला सुरेख. पण आपल्यावर बेतलेलं असताना फासा दुसऱ्याच्या हातात, हे काही मनाला पटेना. मरायचंच तर आपल्या फाशाने मरावं. फासा तळहातात घोळवणं, त्यावर फुंकर घालणं, शेजारच्याने ‘टाक रे आता’ म्हणणं, हे सगळं २०१४च्या आवृत्तीने परत दिलं त्याबद्दल मी तिचे बाकीचे गुन्हे माफ केलेत.

कोणता क्लास सगळ्यात सुरक्षित असं कोणी विचारलं तर मी पॅलाडिन सांगतो. त्याचे स्वतःचे आकडे बरे आहेत म्हणून नव्हे. सहाव्या लेव्हलला त्याच्याभोवती दहा फुटांचं एक वलय तयार होतं आणि त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक मित्राला सगळ्या सेव्हमध्ये पॅलाडिनच्या करिश्म्याचा बोनस मिळतो. त्या बिचाऱ्या फायटरच्या रिकाम्या गोलांनाही. बाकी सगळ्यांचं संरक्षण त्यांच्या कातडीपाशी संपतं, याचं एकट्याचं शेजाऱ्यापर्यंत पोचतं. अट एवढीच, की तो शुद्धीवर हवा.

साहजिकच आमच्याकडे लढाई सुरू झाली की सगळे पॅलाडिनला चिकटतात. आणि फायरबॉलची त्रिज्या असते वीस फूट. दाटीवाटीने उभे असलेले चौघे एकाच मंत्रात, आठ फाशांची आग, सेव्ह जमला तरी निम्मं डॅमेज आहेच. सातव्या लेव्हलच्या रोगला तेवढी चिंता नाही. त्याचा सेव्ह जमला की तो पूर्ण कोरडा बाहेर येतो, वर वलयाचा बोनसही खातो. त्यामुळे आता प्रत्येक चालीआधी वाटाघाटी होतात. आत यायचं की बाहेर राहायचं? फायटर म्हणतो आत, क्लेरिक म्हणतो पांगा, डीएम काहीच न बोलता फासे मोजत बसतो, आणि विझार्ड, सगळ्यांत हुशार असूनही, दर वेळी वेगळं उत्तर देतो.