देव मांडीवर, बाकी ट्रकमध्ये

सोमवार, रात्र

घर हलवायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न देवांचा निघतो, फ्रिजचा मागाहून. हा क्रम मला पटतो. देवघर सगळ्यांत शेवटी उठवायचं आणि नव्या घरी सगळ्यांत आधी मांडायचं, ही जुनी रीत सामान बांधण्याच्या दृष्टीनंही चोख आहे. शेवटी उठवलेलं हाताशी राहतं, कोणत्या खोक्यात गेलं म्हणून धुंडाळावं लागत नाही.

निघायच्या सकाळी रोजची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग अक्षता वाहून ‘पुनरागमनाय च’. चांदीचे टाक पातळ पत्र्याचे असतात, नुसत्या फडक्यात गुंडाळले तर वाकतात. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून दोऱ्यानं बांधावेत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा यांना वेगवेगळं सुती फडकं. स्टीलच्या डब्यात खाली चार बोटं तांदूळ, त्यात मूर्ती रोवायच्या, वरून पुन्हा तांदूळ. डबा हिंदकळला तरी आतलं हलत नाही, आणि तेच तांदूळ नव्या घरी पहिल्या भाताला. समईचे तुकडे फिरवून सुटे करावेत, तेल पुसून घ्यावं. तसबिरी खोक्यात उभ्या ठेवाव्यात, आडव्या कधीच नाही, कारण आडव्या काचेवर वरचं सगळं वजन येतं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारली की फुटली तरी तुकडे जागच्या जागी राहतात.

देवांचा डबा ट्रकमध्ये जात नाही, मांडीवर जातो. त्याच्यासोबत खरेदीखत, सातबारा, आधार, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले, पासबुकं, दागिना, म्हाताऱ्या माणसांची औषधं, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे. बाकी सगळं ट्रकमध्ये.

भरवशाची गोष्ट मला इथे सुरू झालेली दिसते, रस्त्यावर काही बिघडल्यावर नव्हे. ट्रकमध्ये चढलेलं पोचेल, उशिरा पोचेल किंवा पोचणारही नाही. तिन्ही धरूनच चढवायचं. ज्या वस्तूबद्दल मन एवढं तयार होत नाही ती चढवू नये.

मंगळवार

काय न्यायचं नाही, याची यादी आधी करावी. विदर्भातल्या घरातून कोची किंवा गुवाहाटीकडे निघालेलं बिऱ्हाड डेझर्ट कूलर हमखास नेतं, आणि तो तिथे गॅलरीत गंजतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर थंडावा देतो. हवा अकोल्या-चंद्रपुरासारखी कोरडी असेल तरच ते पाणी उडतं. दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो. इथेच कुणाला तरी देऊन टाकावा, मे महिन्यात घेणारा दुवा देईल.

बंगई, म्हणजे झोपाळा, न्यायची तर आधी नव्या घराचं छत विचारावं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये कड्या ठोकू देत नाहीत. पाटा-वरवंटा न्यावा, तो फुटत नाही, पण खोक्यात नको. बारदान्यात गुंडाळून ट्रकच्या तळाशी टाकावा. कोठीतला गहू, तूर नेण्याचा मोह होतो. आधी दोन उन्हं कडक द्यावीत आणि पोतं चाळीस किलोच्या वर भरू नये, हमाल जड पोतं उचलत नाहीत, ढकलतात.

गॅसचं सिलिंडर भरलेलं असो की रिकामं, ट्रकमध्ये चढवायचं नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, मागून घ्यायचं. नव्या गावी त्याच कागदावर जोडणी मिळते. दुचाकी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, निघण्यापूर्वीच घ्यावं. 12 महिन्यांपेक्षा जास्त तिथे ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि तेव्हा एवढ्या एका कागदासाठी परत येणं महागात पडतं. रेल्वे पार्सलनं पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी हवी. रेशनकार्डाची काळजी नको, धान्य आता कुठल्याही राज्यात आधारवर उचलता येतं.

यादी लांबत गेली की मला आपल्या भागातले संत आठवतात. 1878 साली शेगावात दिसले तेव्हा गजानन महाराजांजवळ अंगातली बंडी, पाण्याचा भोपळा आणि एक कच्ची चिलीम. गाडगेबाबांचं गाडगं आणि खराटा. तुकडोजी महाराजांची खंजिरी. चौदा फुटी गाडी कुणालाच लागली नाही. आपल्याला लागते, आणि त्यात पाप काही नाही. पण गाडी जेवढी मोठी तेवढा नवस मोठा बोलावा लागतो, हेही खरं.

बुधवार

आज फक्त बांधणं.

फ्रिज निघण्याच्या आदल्या दिवशी बंद करून बर्फ पूर्ण उतरू द्यावा, आतून कोरडा पुसावा, ट्रे काढून वेगळे बांधावेत. दाराला कापडी पट्टा. चिकटपट्टी लावली तर मेच्या उन्हात तिचा गोंद पत्र्यावर बसतो. तो उभाच न्यायचा. आडवा पडला की कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळीत शिरतं, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसर जातो. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूनं ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. नवीन घेताना ते काढून कुठेतरी डब्यात टाकलेले असतात, ते आधी शोधा. नाहीतर आतला ड्रम शेकडो किलोमीटर आपटत जातो.

इन्व्हर्टरची बॅटरी हा सगळ्यांत खोडसाळ प्रवासी. 150 अँपिअर-अवरची ट्यूबलर बॅटरी पाण्या-आम्लासकट पन्नास किलोच्या वर भरते. वायरी सोडवून दोन्ही टोकांवर रबर किंवा जाड चिकटपट्टी, झाकणं घट्ट, खाली प्लास्टिकचा टब. ती नेहमी उभी, सगळ्यांत शेवटी, मागच्या फाळक्याजवळ, आणि कपड्यांपासून लांब. आम्लाचे चार थेंब सांडले तरी लुगड्याला भोकं पडतात, आणि ती लगेच दिसत नाहीत, धुतल्यावर दिसतात.

काचेच्या भांड्यांना कुटार, म्हणजे भुसा, भरण्याची आपल्याकडे सवय आहे. भरू नये. कुटार ओल धरतं, त्यातून किडे जातात आणि सोयाबीनचं असेल तर हाताला खाज सुटते. जुनी वर्तमानपत्रं, साड्या, वाकळ पुरे. ताटल्या उभ्या लावाव्यात. पितळी गुंड, गंज (पातेली) एकात एक बसवताना मध्ये फडकं घालावं, नाहीतर ते इतके घट्ट बसतात की निघत नाहीत. टीव्ही दोन वाकळींच्या मध्ये, गाद्यांच्या आधारानं उभा. लोणच्याच्या बरणीवर भरवसा ठेवू नये. झाकणाखाली प्लास्टिक, वर फडकं, बाहेरून सुतळी, एवढं करूनही तेल बाहेर येतंच. ती बादलीत ठेवून बादली सोबत घ्यावी. म्हणजे एका मांडीवर देव, पायाशी लोणचं.

प्रत्येक खोक्यावर नंबर आणि वहीत तोच नंबर, आतल्या वस्तू, अंदाजे किंमत. टीव्ही-फ्रिजचा बांधण्यापूर्वी चालू स्थितीतला फोटो. या वहीला आळस केला की पुढे विमा, वाहतूकदार आणि देव, तिघांशीही भांडताना हातात काही नसतं.

गुरुवार

शहरातल्या माणसाला पांदण रस्ता, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट, समजावून सांगता येत नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला की काळी माती फुगते, चाकाला लोण्यासारखी लागते, आणि भरलेली आयशर गाडी अर्ध्या चाकापर्यंत बसते. म्हणून गाडी मृगाच्या आत लावावी, आणि ती डांबरी रस्ता सोडून खाली उतरवूच नये. घरापासून डांबरीपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली. यात दुहेरी चढ-उतार होते, आणि माझ्या मते निम्मी मोडतोड त्या अर्ध्या किलोमीटरात होते, हजार किलोमीटरच्या हायवेवर नाही. ट्रॉलीला कमान-पाटे नसतात, प्रत्येक खड्डा सरळ सामानाला लागतो. तळाशी गाद्या टाका, काच आणि टीव्ही ट्रॉलीत न टाकता माणसांच्या हातानं न्या. चाक बसलंच तर रेस करू नये, आणखी रुततं. माती उकरून चाकाखाली गिट्टी, कपाशीच्या पऱ्हाट्या, बारदाना, आणि हळू पहिल्या गिअरला.

ट्रकमध्ये जड सामान केबिनच्या भिंतीला लागून. लोखंडी कपाट रिकामं करून, दार भिंतीकडे तोंड करून. डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं. दर तीन-चार फुटांवर आडवा दोर, नाहीतर ब्रेकसरशी सगळी रांग पुढे येते. पोकळीत गाद्या-उशा कोंबायच्या. ताडपत्री दोन, एक सामानावर आणि एक वर, पुढून मागे अशी की वाऱ्याचं तोंड झाकलेलं राहील. बिल्टीची, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीची, प्रत हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. घरच्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण नाक्यावर दाखवायला सामानाची सही केलेली यादी ड्रायव्हरजवळ हवी.

भाडं स्वस्त पडतं म्हणून पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत एकाच गाडीत, घेतलं तर सामान मध्ये गोदामात उतरतं आणि दुसऱ्या गाडीत चढतं, हे माहीत असून घ्यावं. फारच कमी भाव सांगणाऱ्याकडून लेखी दर, त्यात हमाली, टोल, मजले सगळं धरून. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून जास्तीचे पैसे मागण्याचा धंदा असाच चालतो.

मग वेशीवरच्या मारुतीला नारळ, गावदेवी माता मायला हळदकुंकू. दोर आवळून झाल्यावर. आधी नारळ आणि मग ढिला दोर, हे मला मारुतीवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, गाडी निघाल्यावर

पांढरकवडा मागे पडून गाडीनं पैनगंगा ओलांडली की तेलंगण. पुढे आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर. नागपूर ते बेंगळुरू 44 क्रमांकाच्या महामार्गानं सुमारे 1,100 किलोमीटर. एका ड्रायव्हरच्या भरल्या गाडीला तीन दिवस धरावेत. त्यातले काही तास ड्रायव्हरचा फोन लागत नाही, आणि तेव्हा घरातल्या बायामाणसांचा जप आपोआप वाढतो.

जप चांगलाच. पण मागायचं काय, याचा विचार करावा. ‘गाडी लवकर पोचव’ ही मागणी मला बरी वाटत नाही. ती पुरी व्हायची तर ड्रायव्हरनं झोप सोडली पाहिजे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंच दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती आणि 5 तासांनंतर अर्धा तास विसावा सांगितला होता. रस्त्यावर ते किती पाळलं जातं हे पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान हायवेला पाहावं, गाड्या डुलक्या घेत चालतात. म्हणून त्या माणसाला झोप लागो, त्याच्या पोटात गरम भाकर जावो, एवढं मागावं. आणि रात्री त्याला फोन करून ‘कुठे पोचला भाऊ’ असं विचारत बसू नये. निघताना जेवणाचे पैसे वेगळे द्यावेत आणि एक दिवस उशीर चालेल, असं तोंडानं सांगावं. देवावर सोडलं म्हणायचं आणि तासाला फोन करायचा, हे जमत नाही.

टायर फुटला, तेलंगणात अवकाळी झोडपलं, गाडी बंद पडून चोवीस तास उभी राहिली, की लोक म्हणतात देव परीक्षा पाहतो. मला तसं म्हणायला जड जातं. बहुतेक वेळा टायर घासलेला असतो किंवा ताडपत्रीचं तोंड उघडं असतं. कारण सापडत असेल तर ते कारणाच्या खात्यावर लिहावं. देवाच्या खात्यावर उरतं ते वेगळं: ज्याला आपलं नावही माहीत नाही असा ढाबेवाला पावसात ताडपत्री धरायला धावतो, ते. त्याची नोंद लोक ठेवत नाहीत.

सामान पोचल्यावर

गाडी रिकामी करण्याची घाई ड्रायव्हरला असते, सही मात्र सावकाश करावी. वहीतले नंबर ताळून, फुटलेलं-ओलं झालेलं पोचपावतीवरच लिहून, मग सही. मोजायला वेळच मिळाला नसेल तर ‘खोकी उघडून तपासलेली नाहीत’ एवढं तरी लिहावं. वाहतूकदारावर दावा करायचा असेल तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून ठेवली नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. तीस हजार भाड्याला फार तर तीन लाख. विमा वेगळा काढला असेल तर तिथे पहिला प्रश्न येतो, बांधलं कुणी? स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटतूट बऱ्याच पॉलिसींत बसत नाही.

फ्रिज उभा आला असेल तर तीन-चार तासांनी चालू करावा, आडवा आला असेल तर पूर्ण एक दिवस थांबावं. बॅटरी आधी पाहावी, मग कपड्यांची खोकी.

त्याआधी देव. पूर्वेचा कोपरा पुसून पाट, पाटावर तांदळाचा डबा, मूर्ती काढून स्नान. मग दूध उतू घालायचं. गॅस अजून आलेला नसतो, आणि इंडक्शनवर दूध उतू गेलं की ते काचेवर साचून शेगडी आपोआप बंद होते, टचची बटणंही अडतात. सपाट बुडाच्या लहान गंजात वाटीभरच दूध घ्यावं, शेगडीखाली परात ठेवावी, आणि पूर्वेकडून दोन थेंब ओघळले की लगेच बंद करावं.