पासपोर्टचं शेवटचं पान

त्या दिवशी लग्न लावायच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेल्या सहा उमेदवारांपैकी चौघे पहिल्या पंचवीस मिनिटांतच बाद झाले. समारंभातलं एक वाक्यही अजून कुणी उच्चारलं नव्हतं. बाद झाले ते टेबलापाशी, जोडप्याची कागदपत्रं बघताना.

ऑस्ट्रेलियात दहापैकी साधारण आठ लग्नं आता धर्मगुरूंऐवजी सिव्हिल सेलिब्रंट, म्हणजे कायदेशीर लग्न लावायचा अधिकार असलेली बिगरधार्मिक माणसं, लावतात. 1973 मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी ही सोय सुरू केली. सरकारदरबारी विवाह सेलिब्रंट म्हणून नाव लावायचं तर सर्वसाधारणपणे ‘सर्टिफिकेट फोर इन सेलिब्रन्सी’ हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो कोण कसा शिकवतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही ठिकाणी लेखी उत्तरं पाठवली आणि मित्रमंडळींसमोर केलेल्या समारंभाची चित्रफीत जोडली की काम भागतं. असा उमेदवार बोलतो छान. पण अनोळखी जोडपं समोर बसवलं की फॉर्म नुसता वाचून दाखवतो. मेलबर्नच्या वर्गात म्हणूनच आम्ही जिवंत माणसं बसवतो आणि प्रसंगात एक खोच ठेवतो.

या वेळचा प्रसंग मराठी होता. मुलगा पुण्याचा, मुलगी साताऱ्याची, दोघं मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात राहतात. आई-वडील भारतातून येणार, हॉल ठरलेला, सकाळी गुरुजी मंगलाष्टकं म्हणणार आणि संध्याकाळी सेलिब्रंटने कायदेशीर लग्न लावायचं. सोबत एक मावशी, सगळ्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच देणारी. भूमिका करणाऱ्यांना सूचना एकच होती: आपणहून काही सांगायचं नाही, पण थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

पहिलं काम नोइमचं, म्हणजे लग्नाच्या पूर्वसूचनेच्या फॉर्मचं. हा फॉर्म लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हाती पडावा लागतो आणि अठरा महिने चालतो. जन्मतारीख, जन्मठिकाण आणि ओळख यांचे पुरावे बघायचे, आधीचं लग्न मोडलं असेल तर त्याचा कागद बघायचा. मराठी नावांत इथेच पहिली ठेच लागते. वडिलांचं नाव पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, फॉर्मवर मुलगी ते गाळते आणि प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी छापलं जातं. सहापैकी पाच जणांनी ही चूक पकडली.

मग वैवाहिक स्थितीचा रकाना आला. ‘याआधी लग्न झालंय का?’ असं विचारलं की जोडपं हसून म्हणायचं, ‘छे, पहिलंच!’ चौघांनी तेवढ्यावर खूण केली आणि पुढे गेले.

पाचवी उमेदवार पूर्वाश्रमीची नर्स होती. तिने मुलीचा पासपोर्ट घेतला, फोटोचं पान तपासलं आणि मग तो उलटा धरून शेवटचं पान उघडलं. भारतीय पासपोर्टच्या या पानावर आई-वडिलांच्या नावाखाली जोडीदाराचं नाव छापलेलं असतं. आम्ही तयार केलेल्या नमुन्यात तिथे समोर बसलेल्या मुलाचंच नाव होतं. ती काही बोलली नाही, फक्त पासपोर्ट टेबलावर त्या पानाशी उघडा ठेवला. मग विचारलं, ‘व्हिसासाठी किंवा आणखी कशासाठी, भारतात कुठे सही केली होती का? कुठल्या ऑफिसात? साक्षीदार कोण होते? सर्टिफिकेट मिळालं?’

मावशी लगेच म्हणाली, ‘अहो, ते नुसतं रजिस्टर केलंय. कागदोपत्री. खरं लग्न आता आहे!’

आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि कुणी लबाडी करत नसतं. घरच्यांच्या लेखी अक्षता पडल्या नाहीत तोवर लग्न नाहीच. पण ‘रजिस्टर केलं’ या दोन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नुसती नोटीस दिली असेल, तर तीस दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदारांसमोरच्या सह्या बाकी असतात, म्हणजे लग्न झालेलं नाही. त्या सह्या झाल्या असतील तर लग्न पक्कं. आणि महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र असेल, तर त्याआधी विधी झालाय असं जोडप्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं. म्हणून सर्टिफिकेटची प्रत मागवायची आणि ते कुठल्या कायद्याखालचं आहे ते वाचायचं. तिने नेमकं तेच मागितलं. आमच्याकडच्या कागदात विशेष विवाह कायद्याचं प्रमाणपत्र होतं.

भारतात तिथल्या कायद्याने वैध असलेली लग्नं ऑस्ट्रेलियातही सहसा वैध धरली जातात. आणि 1961 च्या मॅरेज अॅक्टचं 113 वं कलम सांगतं की, एकमेकांशी आधीच लग्न झालेल्यांनी इथे पुन्हा लग्नविधी करायचा नाही. धार्मिक विधीला वाट ठेवली आहे, पण आधीचं प्रमाणपत्र दाखवून आणि लेखी निवेदनावर सही करून. म्हणजे गुरुजींचा सकाळचा विधी त्या वाटेने होऊ शकतो. अडलं ते संध्याकाळचं कायदेशीर लग्न.

मावशीमुळे आणखी एक गफलत झाली. जून 2024 पासून सेलिब्रंटने लग्नाआधी वधू आणि वर दोघांना वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटणं बंधनकारक आहे, संमती खरी आहे की नाही हे कळावं म्हणून. तीन उमेदवारांनी मावशीला खोलीत राहू दिलं. ‘आम्ही घरचेच’ म्हटल्यावर त्यांना ‘बाहेर थांबा’ म्हणवेना. वर्गात आम्ही यासाठी एक वाक्य पाठ करून घेतो: ‘हे मला प्रत्येकासाठी करावं लागतं, दहा मिनिटांत बोलावते.’ कारण देत बसलं की वाद वाढतो.

बाद झालेल्यांनाही समारंभाचा भाग करायला लावला, शिकायला तेवढंच. मॉनिटम, म्हणजे लग्नाच्या बंधनाची कायदेशीर आठवण, सेलिब्रंटने स्वतः, साक्षीदारांसमोर आणि शपथांच्या आधी म्हणायची असते. एकाने अंगठ्यांच्या गडबडीत ती शपथांनंतर म्हटली. दुसऱ्याचा समज असा की ‘मी तुम्हाला पती-पत्नी घोषित करतो’ म्हटल्यावर लग्न होतं. खरं तर दोघांच्या शपथा पुऱ्या झाल्या की लग्न झालं. पुढची घोषणा केवळ टाळ्यांसाठी. एकीने मात्र सह्यांसाठी कायमस्वरूपी शाईचं पेन आणलं होतं, आणि फॉर्म पंधराचा, म्हणजे जोडप्याला द्यायच्या विवाह प्रमाणपत्राचा, क्रमांक वहीत टिपूनच तो जोडप्याच्या हाती दिला. अशा बारीकसारीक गोष्टी पाळणारी माणसं पुढे टिकतात.

नर्सबाईंनी लग्न नाकारलं, पण जोडप्याला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. संध्याकाळी काय करता येईल ते त्यांनी तिथेच सांगितलं: स्वागत, दोघांची गोष्ट, वचनं, अंगठ्या. नोइम नाही, मॉनिटम नाही, सरकारी प्रमाणपत्र नाही, आणि सुरुवातीलाच पाहुण्यांना एक वाक्य: या दोघांचं कायदेशीर लग्न भारतात झालं आहे, आज आपण ते साजरं करतोय. हेच लेखी पत्रात देणार, त्यावर दोघांच्या सह्या घेणार. मग मुलाने विचारलं, ‘मग पाहुण्यांसमोर सही करायला काहीतरी कागद मिळेल ना?’ त्या म्हणाल्या, मिळेल, पण त्यावर ‘विवाह प्रमाणपत्र’ हे शब्द नसतील आणि सरकारी कागदासारखं काही दिसणार नाही.

सहावा उमेदवारही पास झाला. त्याने पासपोर्टचं शेवटचं पान पाहिलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, ‘दोघं एकाच व्हिसावर कसे आलात?’ आता पुढच्या तुकडीसाठी खोच बदलावी लागणार. घटस्फोटाचा कागद घालायचं ठरतंय: इथला आदेश निघाल्यावर घटस्फोट सहसा एक महिना आणि एका दिवसाने लागू होतो, आणि लग्नाची तारीख नेमकी त्या मुदतीच्या आत टाकायची.