प्लास्टिकवरची स्की रेस, नववं गेट आणि माझा अंगठा

"अरे एकदम घरगुती वातावरण असतं, बिगिनर्स पण खूप असतात, तू फक्त ये." गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाच्या लाइनीत ताट धरून उभा असताना एका मित्राने स्की रेसबद्दल हे सांगितलं आणि मी येडा त्यावर विश्वास ठेवून बसलो. त्याची मुलगी दोन वर्षं क्लबमधून रेस करते, स्वतः तो कडेला उभा राहून थर्मासमधला चहा पितो, हे मला नंतर कळलं. तर इंग्लंडात राहणाऱ्या आणि आल्प्सच्या दोनतीन सुट्ट्या करून "आपल्याला येतं आता" असं वाटायला लागलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. रेड रन (बऱ्यापैकी कठीण उतार) आरामात उतरता येत नसेल तर पुढे वाचू नका, आधी ते शिका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे बर्फाच्या नावाने शंख, म्हणून बरेच स्की क्लब डोंगरउतारावर टाकलेल्या प्लास्टिकच्या मॅटवर चालतात. दाराबाहेरचं काथ्याचं पायपुसणं असतं ना, त्याचे केस कडक प्लास्टिकचे आणि बोटभर उंच करा, मध्ये मध्ये पोकळ खण ठेवा आणि ते उतारावर अंथरा, झाला ड्राय स्लोप. रेस उन्हाळ्यात, कारण हिवाळ्यात ज्याला परवडतं तो आल्प्सला पळतो. हसू नका, डेव्ह रायडिंग लँकशरमधल्या पेंडलच्या अशाच प्लास्टिकवर शिकला आणि 2022 च्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलची स्लालम (जवळजवळ लावलेल्या पोलमधून वळत उतरायची रेस) जिंकला, वयाच्या 35 व्या वर्षी, अल्पाइन वर्ल्ड कप रेस जिंकणारा पहिला ब्रिटिश माणूस. क्लबात प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत ही गोष्ट सांगतोच. मी 41 चा आहे, तरी ऐकून छाती फुगलीच.

एप्रिलमध्ये मेंबर झालो, जूनमध्ये पहिली रेस. घरापासून अडीच तास, पहाटे पाचला निघालो. आदल्या महिन्यातले ट्रेनिंगचे शनिवार मस्त गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पैशाचं सांगतो कारण तिथे मला चुना लागला. क्लबची मेंबरशिप वेगळी, राष्ट्रीय संघटनेची वेगळी, ट्रेनिंगचे दर वेळी वेगळे आणि रेसची एन्ट्री वेगळी, पण हे सगळं मिळून सुद्धा मला तक्रार नाही, आल्प्सच्या एका दिवसाच्या लिफ्ट पासात आणि जेवणात तेवढे जातात. चुना लागला स्कीमध्ये. "स्लालमची स्की पाहिजेच, भाड्याच्या स्कीवर काही होणार नाही" असं ऐकून मी एका दुकानातून 180 पौंडाला सेकंडहँड 165 सेंटिमीटरची जोडी घेतली, दुकानदार म्हणाला अजून दोन सीझन आरामात जातील. क्लबच्या कोचने ती हातात घेतली, अंगठ्याचं नख एजवरून, म्हणजे स्कीच्या कडेच्या धातूच्या पट्टीवरून, आडवं ओढलं आणि नख मला दाखवलं. धार असेल तर नखाची बारीक पांढरी पावडर निघते, माझ्या स्कीवर नख काचेवरून फिरावं तसं फिरलं. मग म्हणाला, हिच्या एजमध्ये आता फाइल (कानस) मारायला पण काही उरलेलं नाही, भिंतीला लाव शोभेसाठी. त्यामुळे पहिले सहा ट्रेनिंग होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. क्लबमधल्या पोरांचे पाय वाढतात, दर सीझनला कोणाची ना कोणाची जोडी निघतेच, आणि प्लास्टिकवर चांगली नवी स्की नेणं हा तसाही शुद्ध गाढवपणा आहे, घर्षणाने तळ भाजून निघतो आणि एका दिवसात एजची वाट लागते. खिशात एक छोटी फाइल ठेवा, दोन रनच्या मध्ये सगळे तेच करत बसलेले असतात. खर्च करायचाच तर हेल्मेट आणि जाड ग्लोव्हजवर करा, रेससाठी हेल्मेट लागतंच. आणि लांब बाह्या, लांब पँट, कितीही उकडलं तरी. 26 डिग्रीत घाम गाळत उभे राहाल पण प्लास्टिकवर उघडं कोपर घासलं गेलं तर खिसणीवर गाजर कसं दिसतं ते कळेल.

आता "बिगिनर्स". होते ना, सात वर्षांचे होते. माझ्या पुढे बिब (नंबराचं जाकीट) घालून एक शेंबडं पोरगं उभं होतं, त्याची आई त्याला केळं भरवत होती, तो वरून निघाला आणि खाली बोर्डवर 16.02 सेकंद लागलं. मोठ्यांचा गट मास्टर्स, म्हणजे आपल्यासारखे, पण त्यातले निम्मे लोक लहानपणी काउंटीसाठी खेळलेले, गुडघ्याला पट्टे बांधून येतात आणि टायमात आपल्याला उडवतात. नवशिक्या प्रौढांचा असा गटच नसतो, हे आधीच मनाशी बांधून जा म्हणजे त्रास होत नाही.

सकाळी इन्स्पेक्शन असतं, म्हणजे कोर्स बघून घ्यायचा. कोर्सच्या कडेने आडव्या स्कीवर घसरत हळूहळू उतरायचं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी सरळ लाल-निळ्या पोलमधून वळणं घेत निघालो, तिसऱ्या गेटला (गेट म्हणजे वळणावर लावलेल्या पोलची जागा) एक मार्शलबाई इतक्या जोरात ओरडल्या की सगळा स्लोप माझ्याकडे बघायला लागला. तसं केलं तर रेस सुरू होण्याआधीच बाद करतात, पहिल्यांदा आलाय म्हणून मला सोडलं. दुसरं म्हणजे दोन्ही स्कीची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत, पोल दोन पायांच्या मध्ये आला की बाद.

आणि मग नववं गेट. ह्याबद्दल मी बायकोला इतकं सांगितलंय की ती आता खोलीतून उठून जाते.

प्लास्टिकवर पाणी फवारत ठेवावं लागतं, ओलं असलं की स्की सरकते, कोरडं असलं की धरून ठेवते. बर्फावर तुम्ही चुकलात तर बर्फ थोडा सरकतो, तुम्हाला सांभाळून घेतो. इथे सांभाळून घेणारं कोणी नाही. ह्या स्लोपवर वरचा भाग व्यवस्थित ओला होता, नवव्या गेटपाशी उतार एकदम कमी होतो आणि नेमका तिथलाच फवारा बंद, सुमारे चार मीटरचा पट्टा खडखडीत कोरडा. सकाळी दव होतं म्हणून इन्स्पेक्शनला काही कळलं नाही. अकरा वाजता ऊन आलं आणि मी वरून बऱ्यापैकी स्पीडमध्ये, मनात रायडिंग वगैरे, नवव्याला एज लावली आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवरून धावत येऊन एकदम डांबरी रस्त्यावर पाय पडावा तसं झालं. स्की थांबल्या. मी नाही थांबलो.

पडताना उजवा हात पुढे गेला आणि अंगठा मॅटच्या खणात अडकला, बाकीचा मी पुढे. ही ड्राय स्लोपची खास दुखापत आहे, अंगठ्याच्या बुडाचा लिगामेंट ताणला जातो नाहीतर तुटतो. माझा नुसता ताणला. ट्रेनिंगमध्ये कोच शंभर वेळा ओरडतो की पडताना मूठ बंद, बोटं आत, आणि आपण मान डोलावतो. मुठी वळून पडण्याची खरोखर प्रॅक्टिस करा, घरी गादीवर करा, पोरं हसतील, हसू द्या. मिटन्स (चार बोटं एकत्र राहणारे ग्लोव्हज) घातल्या तर अजून बरं.

आयोजकांना जाऊन फवाऱ्याचं सांगितलं, "हो हो, बघतो" म्हणाले. दुपारी दोनपर्यंत बघतच होते. एन्ट्रीचे पैसे घेता तर एक पाइप दुरुस्त करून ठेवायला काय होतं, असं तोंडावर आलं होतं, पण आपण नवीन, गप्प बसलो.

दुसऱ्या रनला घाबरून इतका सावकाश आलो की 21.37. सेलोटेपने अंगठा तर्जनीला बांधला होता, हातातली स्कीची काठी नीट धरता येत नव्हती. पण तेव्हा एक गोष्ट दिसली जी मी सकाळीच बघायला हवी होती: ओली मॅट गडद दिसते, कोरडी फिकट. लिफ्टने वर जाताना मान वळवून बघितलं तर आख्खा नकाशा समोर असतो. फिकट पट्ट्याआधीच, म्हणजे आठव्या गेटलाच वळण पूर्ण करून टाकायचं, पट्ट्यावर स्की सपाट ठेवून सरळ जायचं, वजन पायाच्या मधोमध, घोटे वाकलेले, एज अजिबात लावायची नाही आणि टाचेवर बसायचं तर अजिबातच नाही.

तिसऱ्या रनच्या आधी बघतो तर त्या केळंवाल्या पोराची आई नवव्या गेटच्या कडेला झारी घेऊन उभी. बागेत झाडांना पाणी घालायची हिरवी झारी. पोरगा निघायच्या आधी मार्शलबाईंना विचारून तिने शांतपणे त्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं, जणू तुळशीला घालतेय. म्हणजे लोकांना माहीत होतं! वर्षानुवर्षं माहीत होतं! माझा नंबर त्याच्या लगेच मागे. घड्याळ सुरू करणारी सुरुवातीची आडवी काठी नडगीला लागून उघडली, आठव्याला वळण संपवलं, नवव्यावरून सुळकन गेलो आणि खाली बोर्डवर 19.92. मी जो ओरडलो तो मराठीत ओरडलो आणि काय ओरडलो ते लिहिता येणार नाही.

तीनपैकी चांगल्या दोन रनची बेरीज धरतात, 41.29, मास्टर्समध्ये शेवटून दुसरा. शेवटचा जो होता त्याचं वय 68.

पुढची रेस सप्टेंबरमध्ये आहे, एन्ट्री आधीच्या बुधवारी बंद होते, शेवटच्या दिवशी भरू नका, पोरांची नावं आधी भरतात आणि मोठ्यांच्या जागा थोड्या असतात. त्याच वीकेंडला गणपती आहेत, मंडळात मी ह्या वेळी फक्त आरतीला येणार, वाढायला नाही. शर्टाचं वरचं बटण अजून डाव्या हाताने लावतोय. झारी घेतली आहे, दहा लिटरची, डिकीत आडवी बसते.