आठ बाइटांची नोंद: लॉगरच्या बायनरी फॉरमॅटचा दुसरा टप्पा

तापमान आणि आर्द्रता टिपणारा माझा लॉगर दर दहा सेकंदांनी एक नोंद लिहितो, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी होतात. पहिल्या टप्प्यात त्या सर्व जेसन या वाचता येणाऱ्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये, एका ओळीत एक अशा, लिहिल्या जात होत्या. वेळ, तापमान आणि आर्द्रता यांना प्रत्येकी एकाक्षरी नाव देऊन आणि मधल्या सर्व मोकळ्या जागा काढून टाकूनही १७०००००००० (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद), २७.४ आणि ६१ या तीन मूल्यांची एक ओळ ३२ बाइटांची होते. ओळ संपल्याची खूण धरून ३३. दिवसाचा हिशेब २,८५,१२० बाइटांवर जातो. या टप्प्यात हीच नोंद वेगवेगळ्या बायनरी, म्हणजे मजकुराऐवजी थेट बाइटांत मूल्ये लिहिणाऱ्या फॉरमॅटमध्ये बसवून पाहिली आणि शेवटी स्वतःचा फॉरमॅट ठरवला.

सुरुवात मेसेजपॅक या बायनरी फॉरमॅटपासून केली, कारण जेसनची रचना जशीच्या तशी ठेवून केवळ लिहिण्याची पद्धत बदलता येते. पहिल्या प्रयत्नात नोंद २२ बाइटांची झाली, आणि त्यातले नऊ बाइट एकट्या २७.४ या आकड्याने घेतले होते, कारण तो दुहेरी अचूकतेचा, म्हणजे आठ बाइटांचा अपूर्णांक म्हणून लिहिला गेला, आणि एक बाइट प्रकार सांगण्यात गेला. एकेरी अचूकता वापरली की चार बाइट वाचतात, परंतु तोच आकडा परत वाचून जेसनमध्ये काढला की २७.३९९९९९६१८५३०२७३ असा दिसतो. माझा सेन्सर एका दशांश स्थळापर्यंतच मूल्य देत असल्यामुळे मी तापमान दशांश अंशांत, म्हणजे २७४ असे पूर्णांकात ठेवायचे ठरवले. त्याने नोंद १६ बाइटांवर आली आणि अपूर्णांकाचा प्रश्नच मिटला. हा बदल बायनरीचा नव्हे, तर मूल्य कोणत्या एककात ठेवायचे याचा आहे; जेसनमध्येही तो तितकाच उपयोगी पडला असता, आणि तो मी आधीच करायला हवा होता.

सीबॉर या तशाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तीच नोंद १७ बाइटांची होते. हा एका बाइटाचा फरक कुठून येतो, हे शोधताना मला खरा आनंद मिळाला. मेसेजपॅक १२७ पर्यंतचे धन पूर्णांक एकाच बाइटात बसवतो, तर सीबॉरमध्ये पहिल्या बाइटाचे तीन बिट प्रकारासाठी राखीव असल्यामुळे थेट बसणारे मूल्य २३ पर्यंतच असते. म्हणून ६१ टक्के आर्द्रतेला तिथे दोन बाइट लागतात. प्रोटोकॉल बफर्स या तिसऱ्या फॉरमॅटमध्ये क्षेत्रांची (नोंदीतल्या एकेका मूल्याची) नावे फाइलमध्ये जातच नाहीत, फक्त त्यांचे क्रमांक जातात, आणि नोंद ११ बाइटांवर येते. तिथे एक काळजी घ्यावी लागते: तापमान शून्याखाली जाण्याची शक्यता असेल, तर साध्या ३२ बिटी पूर्णांकाच्या प्रकारात प्रत्येक ऋण आकडा दहा बाइट खातो, म्हणून झिगझॅग पद्धतीचा (लहान ऋण आकडेही लहान धन आकड्यांत बदलणारा) चिन्हांकित प्रकारच निवडावा.

मेसेजपॅकच्या १६ बाइटांपैकी सहा बाइट निव्वळ नावांचे होते, आणि ती नावे दिवसातून ८,६४० वेळा लिहिली जात होती. ज्या नोंदीचा आकार कधीच बदलत नाही तिच्यासाठी हे ओझे मला पटले नाही. म्हणून ठरावीक लांबीची रचना घेतली: वेळेला चार बाइट, तापमानाला दोन, आर्द्रतेला एक, एकूण सात.

इथेच माझे दोन दिवस गेले. लॉगरवरचा प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि मी स्ट्रक्ट, म्हणजे नोंदीची क्षेत्रे एकत्र ठेवणारी रचना, जसाच्या तसा फाइलमध्ये लिहीत होतो. सी कंपायलर चार बाइटांच्या क्षेत्राची सीमा सांभाळण्यासाठी अशा स्ट्रक्टच्या शेवटी एक भरणीचा (निव्वळ जागा भरणारा) बाइट घालतो, त्यामुळे त्याचा आकार सात नसून आठ होतो. वाचणारा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये होता, आणि पायथॉनचे स्ट्रक्ट मॉड्यूल क्षेत्रांच्या मधली भरणी आपोआप धरते, पण शेवटची धरत नाही. त्याच्या हिशेबाने नोंद सातच बाइटांची. फाइलमधले पहिले सोळा बाइट असे होते: ०, २४१, ८३, १०१, १८, १, ६१, ० आणि पुढे १०, २४१, ८३, १०१, १८, १, ६१, ०. पहिली नोंद अचूक वाचली गेली. दुसरी मात्र आठव्या, म्हणजे भरणीच्या बाइटापासून सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मधल्या नोंदीनंतर दहा सेकंदांनी ऑगस्ट २०१४ उजाडून तापमान ४७०.९ अंश दिसू लागले. १०१ आणि १८ हे दोन बाइट तापमान म्हणून वाचले की १८ गुणिले २५६ अधिक १०१, म्हणजे ४,७०९ येतात. हा गुणाकार कागदावर केला तेव्हाच चूक सापडली. जेसनमध्ये अशी चूक झाली असती, तर पार्सरने त्याच ओळीवर थांबून तक्रार केली असती. बायनरीत प्रत्येक बाइट वैध असतो, म्हणून वाचणारा निमूटपणे पुढे जातो. बायनरीकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनाशी पक्का धरावा असे मला वाटते.

आता दोन्ही बाजूंना बाइटांचा क्रम लिटल एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) असा स्पष्ट लिहिला आहे, प्रत्येक क्षेत्र स्वतंत्रपणे लिहिले जाते, आणि आठवा बाइट ठेवून त्यात पहिल्या सात बाइटांची आठ बिटी सीआरसी, म्हणजे चूक ओळखण्यासाठीचा पडताळणी आकडा, घातली आहे. दिवसाची फाइल ६९,१२० बाइटांची झाली.

वेगाबाबत माझा अंदाज साफ चुकला. पायथॉनमध्ये लूप फिरवून एकेक नोंद हाताने उलगडणारा माझा पहिला डिकोडर जेसन वाचण्यापेक्षा हळू निघाला. कारण सरळ आहे: पायथॉनचा जेसन पार्सर आतून सी भाषेत लिहिलेला आहे, तर माझा लूप प्रत्येक नोंदीला इंटरप्रिटरमधून जात होता. स्ट्रक्ट मॉड्यूलमधले आयटर-अनपॅक (सर्व नोंदी ओळीने उलगडणारे फंक्शन) वापरताच चित्र पालटले, आणि नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत नोंदीची रचना सांगून संपूर्ण फाइल एका हाकेत वाचली तेव्हा उलगडण्याचे कामच जवळजवळ उरले नाही, कारण बाइट आहेत त्याच रूपात मेमरीत आकडे म्हणून वापरता येतात. फाइलची लांबी नोंदीच्या आकाराच्या पटीत नसेल तर आयटर-अनपॅक त्रुटी देते. ६९,१२० ला सातने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ते आधीच वापरले असते तर वरची चूक पहिल्याच मिनिटाला पकडली गेली असती. टेक्स्ट म्हणजे हळू, असेही म्हणता येत नाही. २०१९ मध्ये आलेल्या सिमडीजेसन या लायब्ररीने प्रोसेसरच्या सिमड (एकाच वेळी अनेक मूल्यांवर काम करणाऱ्या) सूचना वापरून सेकंदाला गिगाबाइटांच्या वेगाने जेसन वाचता येतो, हे दाखवून दिले आहे. तुलना करताना फॉरमॅटची होते आहे की लायब्ररीची, हे आधी तपासावे.

कॉम्प्रेशनची परीक्षाही घेतली. जेसनच्या फाइलवर गझिप हे फाइल आकसवणारे साधन चालवले की तीच ती नावे आणि विरामचिन्हे जवळजवळ नाहीशी होतात आणि बायनरीशी असलेले अंतर बरेच कमी होते. ज्यांना फक्त साठवणीची जागा वाचवायची आहे, त्यांनी जेसन गझिप करून ठेवावे असे मी मनापासून सुचवेन. माझ्या लॉगरवर मात्र गझिपला पुरेल इतकी मेमरी नाही.

म्हणून पुढचा प्रयोग फरकांचा आहे. सलग दोन नोंदींच्या वेळेतला फरक जवळजवळ नेहमी दहाच असतो, आणि तापमान व आर्द्रतेतले बदलही लहान असतात. झिगझॅग आणि व्हॅरिंट (लहान आकड्याला कमी बाइट देणारी पद्धत) वापरून उणे ६४ ते ६३ पर्यंतचा फरक एका बाइटात मावतो. अशी नोंद तीन बाइटांची होते. परंतु मधला एक बाइट बिघडला तर पुढचे सगळे बिघडते, म्हणून दर ६४ नोंदींमागे एक पूर्ण नोंद ठेवली आहे. एक गट आठ अधिक १८९, म्हणजे १९७ बाइटांचा, आणि दिवसाचे १३५ गट मिळून २६,५९५ बाइट होतात. फाइल डोळ्यांनी वाचता येत नसल्यामुळे, बायनरीतून जेसन काढणारी छोटी आज्ञा मी एन्कोडरच्याही आधी लिहून घेतली, आणि प्रत्येक बदलानंतर ओडी या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने पहिले काही गट दशमान रूपात पाहतो.

सध्या पूर्ण नोंदीच्या आठव्या बाइटातच संपूर्ण गटाची सीआरसी आहे. सात बाइटांना ती पुरेशी होती. १९७ बाइटांच्या गटात मात्र विखुरलेल्या चुका २५६ पैकी साधारण एकदा तिच्या नजरेतून सुटू शकतात. त्यामुळे पुढच्या टप्प्यात ती सोळा बिटी करणार आहे. त्यासाठी दिवसाला १३५ बाइट अधिक लागतील आणि ते मी आनंदाने देईन.