रिब्ज चिवट होत होत्या आणि मी वेळ कमी करत चाललो होतो

आधीच सांगतो, मी शेफ वगैरे काही नाही, घरात स्मोकर (धुरावर हळूहळू मांस शिजवायचं यंत्र) नाही, कोळशाची ग्रिलही नाही, आहे तो एक साधा ओव्हन आणि त्याच्यावरच सगळे प्रयोग. बार्बेक्यू पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या मांसासकट बरगड्या, जमायला मला पाच खेपा लागल्या आणि त्यातल्या चार मी चक्क उलट्या दिशेने पळालो म्हणून फुकट गेल्या, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिल्यांदा काय केलं, तर चिकन भाजतो तसंच. ओव्हन 200 वर, रिब्जला भरपूर सॉस चोपडला आणि एक तास आत. अर्ध्या तासातच जळका वास सुटला, कारण बार्बेक्यू सॉसमध्ये साखर केवढी असते याचा मी विचारच केला नव्हता. बाहेरून काळा कोळसा आणि आतलं मांस हाडाला असं घट्ट चिकटलेलं की दातांनी ओढायला लागत होतं. ताई जेवायला आली होती, तिने दोन मिनिटं चावलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण माझा जबडा दमला."

मग मी निष्कर्ष काढला की जास्त शिजलंय म्हणून वातड झालंय. इथेच सगळी गाडी रुळावरून घसरली. थर्मामीटर आणला, वाचलं की पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आतलं तापमान 63 अंश सेल्सियस आणि मग 3 मिनिटं तसंच ठेवणं पुरतं, अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये आकडा 71 वरून तिथे आणला. म्हटलं चला, आकडा मिळाला. दुसऱ्या वेळी बरोबर 63 ला बाहेर काढलं. रसाळ होतं, खोटं नाही बोलत, पण चावायला रबर! पहिल्यापेक्षा जास्त चिवट. मला काही कळेचना, कमी शिजवूनही जास्त वातड कसं काय?

तर भानगड अशी आहे की 63 हा आकडा खायला सुरक्षित आहे का एवढंच सांगतो, मऊ झालंय का ते सांगतच नाही. रिब्जमध्ये मांस थोडं आणि मांसाला हाडाशी बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर. हे कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला हवं, आणि ते साधारण 70 च्या पुढे सुरू होतं आणि नीट वेगाने व्हायला 80-90 अंश लागतात, शिवाय तिथे बराच वेळ राहायला लागतं. म्हणजे पहिल्या वेळच्या रिब्ज जास्त शिजलेल्या नव्हत्याच, बाहेरून करपलेल्या आणि आतून कच्च्या होत्या, कच्च्या म्हणजे कोलॅजेनच्या हिशोबाने. पातळ, चरबी नसलेला तुकडा जास्त शिजवला की कोरडा पडतो हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की "चिवट आहे, अजून शिजव" हे सुचतच नाही.

तिसऱ्या वेळी पाऊण तास उकळून मग ओव्हनमध्ये घातल्या. मऊ झाल्या, पण अर्धी चव पाण्यात उतरली, पातेल्यातलं पाणी रिब्जपेक्षा चविष्ट होतं. परत केलं नाही.

चौथी खेप मात्र सांगण्यासारखी आहे. ओव्हन 120 वर ठेवला, ट्रेवर जाळी, त्यावर रिब्ज उघड्याच, वर काही झाकलं नाही. सगळं मस्त चाललेलं, थर्मामीटर सरकत सरकत 68 पर्यंत गेला आणि तिथेच बसला. वीस मिनिटं झाली, 68. चाळीस मिनिटं झाली, 69. मला वाटलं ओव्हन बिघडला. पाहुणे यायचे होते, घाबरून सरळ 180 केलं आणि व्हायचं तेच झालं, वरचं मांस सुकून काटकी. नंतर समजलं की हे सगळ्यांचंच होतं, मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि त्यामुळे ते थंड राहतं, आपल्याला घाम येऊन गार वाटतं तसंच. ओव्हन जेवढी उष्णता देतो तेवढी ते पाणी खाऊन टाकतं. बार्बेक्यूवाले याला स्टॉल म्हणतात, आणि यावर अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये जी युक्ती वापरतात तिला टेक्सास क्रच असं नाव आहे, म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, फॉईलमध्ये घट्ट गुंडाळायचं! वाफ बाहेर जात नाही म्हटल्यावर तो गारवाही होत नाही आणि काटा पुढे सरकतो.

तर पाचवी खेप, जी जमली.

रिब्ज बेबी बॅक घेतल्या, साधारण 900 ग्रॅमचा एक रॅक, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बरगड्यांची अख्खी पट्टी. (बेबी म्हणजे पिल्लाच्या नाहीत हं, मला कित्येक दिवस तसंच वाटत होतं. पाठीच्या कण्याजवळच्या छोट्या, वाकड्या बरगड्या त्या बेबी बॅक, आणि खाली पोटाकडच्या मोठ्या, सपाट, जास्त चरबीवाल्या त्या स्पेअर रिब्ज, त्यांना वेळ जास्त लागतो.) हाडाच्या बाजूला एक पांढुरका पापुद्रा असतो तो काढायचाच. तो शिजून मऊ होत नाही, नुसता कागदासारखा होतो आणि मसालाही आत जाऊ देत नाही. एका टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा त्याच्याखाली घालून थोडा सुटा करायचा आणि मग पेपर नॅपकिनने पकडून ओढायचा, कारण बोटांतून तो इतका सटकतो की चिडचिड होते. नशीब असलं तर अख्खा एका दमात निघतो आणि त्यात जो आनंद आहे तो सांगता येत नाही.

मसाला कोरडाच: 3 मोठे चमचे ब्राऊन शुगर, 2 मोठे चमचे पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), 2 छोटे चमचे मीठ, आणि मिरपूड, लसूण पावडर, कांदा पावडर, मोहरीची पूड प्रत्येकी 1 छोटा चमचा, तिखट आवडीप्रमाणे. पॅप्रिका शक्यतो स्मोक्ड घ्या, ओव्हनमध्ये धूर नसतो त्यामुळे धुराचा जो काही वास येणार तो तिथूनच. खऱ्या स्मोकरमधल्या रिब्जना कापल्यावर कडेला जो गुलाबी पट्टा दिसतो तो मात्र ओव्हनमध्ये येत नाही, तो धुरातल्या वायूंमुळे होतो, तेव्हा त्याची वाट बघू नका. मसाला चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, पण घाईत एक तास ठेवूनही केलंय, बरं लागतं.

मग फॉईलचे दोन थर, मांसाची बाजू वर, कडा घट्ट दुमडलेल्या, हाडांनी फॉईल फाटत नाहीये ना ते बघून. ओव्हन 135. आणि आता सगळ्यात अवघड काम, उघडून बघायचं नाही! मी दोन तासांनी एकदाच बघितलं, थर्मामीटरची सुई हाडाला न लावता दोन हाडांच्या मधल्या मांसात टोचली (हाडाला टेकली की आकडा भलताच येतो), 86 होतं आणि सुई आत जाताना अडखळत होती. पूर्वीचा मी असतो तर 63 च्या कितीतरी वर गेलं म्हणून घाबरून बाहेर काढलं असतं. परत गुंडाळलं आणि पाऊण तास विसरून गेलो. नंतर 94, आणि सुई लोण्यात शिरावी तशी गेली. हाडांची टोकंही साधारण सेंटीमीटरभर उघडी पडली होती, मांस आक्रसून मागे सरकतं तेव्हा असं होतं. थर्मामीटर नसेल तर चिमट्याने रॅक एका बाजूने उचला, मधे वाकून वरच्या मांसाला भेगा पडायला लागल्या की झालं.

फॉईलमध्ये जो रस जमतो तो टाकू नका बरं, वरची चरबी काढून त्यात केचप, व्हिनेगर, थोडी ब्राऊन शुगर, मस्टर्ड घालून दहा मिनिटं आटवला की सॉस तयार. मीठ चाखून मगच घाला, त्या रसात मसाल्याचं मीठ आधीच असतं, एकदा मी खारट करून बसलोय. सॉस आता लावायचा, शेवटी. ओव्हन 200, रिब्ज उघड्या, पातळ हात लावून 8 मिनिटं, परत एक हात आणि परत 8 मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही कारण चकचकीत आणि जळकं यात दोनेक मिनिटांचंच अंतर आहे. मग दहा मिनिटं बाहेर तशाच ठेवून, रॅक उलटा करून (हाडं दिसतात) दोन हाडांच्या मधून कापायच्या.

एकदा जोशात येऊन चार तासांच्या वर ठेवल्या होत्या फॉईलमध्ये. उचलायला गेलो तर हाडं हातात आणि मांस फॉईलमध्ये. लोक याला कौतुकाने म्हणतात की हाडावरून गळून पडतंय, पण मला तो लगदा वाटतो, आणि बार्बेक्यू स्पर्धांचे परीक्षकसुद्धा ते जास्त शिजलेलं धरतात. चावा घेतला तिथलं मांस अलगद निघावं, दातांची खूण राहावी आणि बाकीचं जागेवर असावं, मला तरी तसंच आवडतं.

ताई त्या पाचव्या वेळीही होती. यावेळी जबड्याबद्दल काही बोलली नाही, पहिलं हाड ताटात ठेवलं आणि न विचारता दुसरं उचललं. पुढच्या वेळी स्पेअर रिब्ज करणार आहे, त्याला फॉईलमध्येच साडेतीन तास तरी धरलेत, बघू.