टाकी भरली की मशीन दम सोडायची

दिवाळी आटोपली की आमच्या बागेत जुन्या कलमांच्या छाटणीची घाई सुरू होते. दापोली तालुक्यातली ही बाग आजोबांनी लावलेली. हापूसची झाडं पन्नाशीच्या आसपासची, सगळा विस्तार उंचावर गेलेला, मध्ये ऊन शिरत नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दरवर्षी पाच-सहा झाडं उतरवायची, कापांना लगेच बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची, असं आम्ही धरलं आहे. त्यासाठी 58 सीसीची कटर मशीन, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनची करवत आहे. चेन जिच्यावरून फिरते तो बार, म्हणजे पट्टी, 22 इंची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने बाग आडवी केली तेव्हा आठ दिवस कापणारा माणूस मिळाला नव्हता. त्यानंतर ती घेतली.

गेल्या हंगामात ती दगा द्यायला लागली. चालू पहिल्या-दुसऱ्या दोरीला व्हायची, नुसती रेस केली तर कान फाटतील असा आवाज. पण लाकडात घातली की तीन-चार मिनिटांत आवाज जड व्हायचा, चेन मंदावायची आणि मशीन बसायची. पाच मिनिटं ठेवली की पुन्हा ठणठणीत.

तिसऱ्या झाडावर याची किंमत मोजली. मांडीएवढी फांदी, खालून काप दिलेला, पण पुरेसा खोल नव्हता. वरचा काप निम्म्यावर असताना मशीन बसली. पुन्हा चालू करेपर्यंत फांदी आपल्याच वजनाने मोडली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. आंब्याला अशी जखम म्हणजे भिरुडाला आमंत्रण. एकदा ती अळी खोडात शिरली की भुसा बाहेर पडेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा झाड पोखरलेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तालुक्याच्या दुकानात मशीन दिली. तिथल्या मेस्त्रीने कार्बुरेटरचा एच स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगात पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू, अर्धा फेरा उघडला, दोन वेळा रेस केली आणि म्हणाला, “पिस्टन-रिंग गेलीत, किट बदलायला लागेल.” मी घरी घेऊन आलो. मशीन आता धूर जास्त ओकत होती आणि तीन-चार मिनिटांनी तशीच बसत होती.

मग एकेक करून मीच तपासायला घेतलं. आधी चेन, कारण ताकद कमी वाटली की बहुतेक वेळा दोष धारेचा असतो. धार गेलेली चेन लाकूड खात नाही, घासते. आपण जोर लावतो आणि इंजिन दबतं. ओळख भुशावरून होते. धारदार चेन चपटे कीस काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा. माझ्या चेनचा कीस बरा होता, तरी 4.8 मिलिमीटरच्या गोल कानशीने प्रत्येक दाताला तीन-तीन हात मारले. एअर फिल्टर धुऊन वाळवला. सायलेन्सरच्या जाळीवर काजळी होती, ती तारेच्या ब्रशने काढली. प्लग कॉफीच्या रंगाचा, म्हणजे चांगला. टाकीतला पेट्रोल फिल्टर आकडा घालून बाहेर काढला आणि नवीन बसवला.

पिस्टनचा संशय मनातून जात नव्हता, म्हणून सायलेन्सर उतरवलेला होता तेव्हाच त्या भोकातून टॉर्च मारून आत पाहिलं. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली केला. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, एकही उभा ओरखडा नाही. मग सायलेन्सर परत बसवला आणि मशीन दोरीच्या मुठीला धरून लटकवली. आत दाब चांगला असला तर ती झटके खात, थांबत थांबत खाली येते. दाब गेला असला तर सरळ सुटते. माझी थांबत थांबत आली. किटचा खर्च वाचला, पण मशीन अजून बसतच होती.

उत्तर मिळालं हर्णै बंदरावर. मासे घ्यायला गेलो होतो. तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक वयस्कर मेस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन आणायलाही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “टाकी भरलेली असताना लवकर मरते की संपत आल्यावर?”

मी आठवलं. पेट्रोल भरून कामाला लागलो की तीन मिनिटांत बसायची. टाकी निम्मी झाल्यावर जास्त वेळ चालायची. मी हे पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

“मग तिला श्वास मिळत नाही,” चाचा म्हणाले. “आमच्या आउटबोर्डच्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. पोरं तो उघडायला विसरतात. बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालतं नि मग बंद.”

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी धरते आणि कार्बुरेटरच्या पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. नुसती रेस दोन क्षणांची असते, तेवढ्यात काही बिघडत नाही. कापताना मात्र पूर्ण एक्सलेटरवर पेट्रोल सतत लागतं. टाकी भरलेली असेल तर वरची हवा थोडी, म्हणून पोकळी झटकन धरते. मशीन थंड ठेवली की हवा कुठून तरी हळूहळू झिरपते, म्हणून पाच मिनिटांनी ती पुन्हा शहाण्यासारखी वागते.

घरी येऊन टाकी भरली, पडलेल्या ओंडक्यात बार घातला. बरोबर तीन मिनिटांनी बसली. मशीन बाजूला ठेवली, सायलेन्सर जरा निवू दिला, मग झाकण हळूच सैल केलं. फुस्स करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला. दोरी ओढली, पहिल्याच ओढीला चालू. त्या आवाजाने इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून पुन्हा करून दाखवलं.

टाकीत हवा घेणारी नळी मागच्या मुठीजवळ, आच्छादनाखाली असते. पेरभर लांब रबरी नळी आणि टोकाला एक बारीक झडप. हवा आत जाऊ द्यायची, पेट्रोल बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती उपसून औषधाची रिकामी सिरिंज लावली आणि दट्ट्या दाबला. दट्ट्या हलेना. भुसा आणि चेनचं तेल मिळून आत मेणासारखा बोळा बसला होता. पेट्रोलमध्ये भिजवून, कुंचल्याच्या एका केसाने कोरून तो काढला. आता एका बाजूने दट्ट्या सुळकन गेला, पण उलट्या बाजूनेही तसाच जायला लागला, म्हणजे झडप मिटत नव्हती. अशी नळी बसवली असती तर मशीन आडवी केल्यावर पेट्रोल गरम मशीनवर गळलं असतं. चाचांनी पत्ता दिलेल्या दुकानातून नवीन आणली. ती किटच्या मानाने फुटकळ पैशांत मिळाली.

एच स्क्रू मी दुकानात देण्याआधी फेरे मोजून वहीत लिहून ठेवला होता. तिथेच परत आणला.

मनाला लागलं ते वेगळंच. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं, तेही नेमकं इंजिन सगळ्यात तापलेलं असताना. मी महिनाभर तसंच रेटत काम केलं असतं, तर दुकानदाराने सांगितलेलं पिस्टनचं काम खरंच निघालं असतं. आता पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करतो, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवतो आणि पाऊस संपल्यावर आधी ती नळी काढून सिरिंजने तपासतो. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओलावा धरायची सवय आहे, त्यामुळे चार महिने जुनं मिश्रण मशीनमध्ये घालायचं नाही हेही ठरवलं.

उरलेली तीन झाडं चार दिवसांत झाली. एकदाही मशीन बसली नाही. मोडलेल्या त्या फांदीचा उरलेला खुंट मात्र बुडापासून काढावा लागला. सोललेल्या सालीच्या कडा धारदार कोयत्याने साफ केल्या, वर बोर्डो पेस्टचा जाड हात दिला. दर पंधरवड्याला खोडाशी बसून भुसा पडलाय का ते पाहत होतो. फाल्गुनात त्या कापाच्या खाली तांबूस फुटवे आले, बोटभर लांब, पाच.