तुम्ही विचारलंत म्हणून: नेब्रास्कातल्या रानशेणी

गणपतीच्या पंगतीत असो की पुण्याहून आलेल्या फोनवर, कोणी ना कोणी विचारतंच, "दर शनिवारी त्या म्युझियममध्ये जाऊन तुम्ही गोऱ्या बायकांची जुनी भांडी का पुसत बसता?"

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आमचं गाव आहे, तिथलं संग्रहालय दोन खोल्यांचं आहे. लोणी काढायचं उंच लाकडी पिंप, बिडाच्या इस्त्र्या, मेणबत्त्यांचे साचे, असं सगळं. पहिल्या वेळी मी पाच मिनिटांत बाहेर पडणार होते, पण एका फोटोने थांबवलं. १८९३ साली कॅन्ससमध्ये काढलेला. उघडं माळरान, आणि एक तरुण मुलगी हातगाडीत वाळलेलं शेण गोळा करतेय. माझ्या तोंडून निघालं, "अगंबाई, रानशेणी!" थापलेली ती गोवरी आणि रानात आपोआप वाळलेली ती रानशेणी, हे मला आजीने शिकवलेलं.

इथल्या माळावर झाडंच नव्हती. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची. मुख्य अट ही की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. एकवीस वर्षांवरच्या अविवाहित बायका आणि विधवाही अर्ज करू शकत. पण जळणाला लाकूड नाही, घराला लाकूड नाही. मग गवताच्या मुळांसकट जमिनीचे पट्टे नांगरून काढायचे, विटांसारखे कापायचे आणि त्यांचीच भिंत रचायची. दोन-तीन फूट जाड. पाऊस बाहेर थांबला तरी आत छत ठिबकतच राही. माती ताटात पडू नये म्हणून बायका छताखाली कापड ताणून बांधत. आणि त्याच जाड भिंतींच्या खोल खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या ठेवत. त्या कुंड्यांचा मला फार आदर वाटतो.

साबणही घरचाच. राखेतून पाणी झिरपवून खार काढायचा, तो पुरेसा कडक झाला का ते अंडं तरंगतं का यावरून ठरवायचं, मग चरबीबरोबर तासन्‌तास ढवळत शिजवायचा. आमच्याकडे राख थेट भांड्यांनाच लावत.

एक गोष्ट मात्र खटकते. ही जमीन रिकामी नव्हती. इथे पॉनी नावाचे मूळ अमेरिकी लोक राहत, त्यांचीही मोठी गोल घरं मातीचीच, आणि शेती बायकांच्या हातात: मका, घेवडा, भोपळा. १८७०च्या दशकात त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. आमच्या संग्रहालयात त्यांच्या वाट्याला एकच काचेची पेटी आहे. शाळेची मुलं येतात तेव्हा मी सुरुवात त्या पेटीपासून करते.

सगळ्यात जास्त वेळ माझा जातो तो एका क्विल्टपाशी. नऊ-नऊ चौकोनी तुकडे जोडलेले, मध्ये कापूस, बारीक धावदोरा. आजीच्या गोधडीत कापूस नव्हता, जुन्या लुगड्यांचेच थर असायचे. टाका मात्र हाच. या क्विल्टच्या वरच्या कडेला एक वेगळी पट्टी टाचलेली आहे. पांघरूण हनुवटीशी घासून, दाढीला लागून मळतं ते तिथेच. अख्खं क्विल्ट धुवायला पाणी विहिरीवरून आणायचं. त्यापेक्षा ती पट्टी उसवायची, धुवायची, पुन्हा शिवायची. तिथे टाक्यांची जुनी भोकं दिसतात, एकापेक्षा जास्त ओळींत. म्हणजे तिने हे कितीदा तरी केलं असणार. खाली पाटीवर लिहिलंय, "कोणी शिवलं ते अज्ञात."

त्या पाटीने मला झोप लागू दिली नाही. आजीची गोधडी माझ्या कपाटात आहे आणि तिच्यावरही नाव नाही. माझ्या मुलांना ते माहीत आहे, त्यांच्या मुलांना कसं कळणार? मागच्या महिन्यात पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर तिचं नाव, गाव आणि कोणाकोणाची लुगडी त्यात आहेत ते शाईने लिहिलं, आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात टाचून टाकलं. धावदोऱ्यानेच.